केस गळतात कधी, कारण घडतं कधी

केसगळतीवर आलेल्या पत्रांमध्ये 'केस खूप गळतात' हे वाक्य जवळजवळ प्रत्येकात आहे. पण त्या एका वाक्यामागे चार निरनिराळ्या गोष्टी असतात. केस मुळातून सुटून येतो, मध्येच तुटतो, गळल्याचं फारसं जाणवत नाही पण दरवर्षी थोडा बारीक होत जातो, किंवा एखाद्या ठिकाणी चट्टा पडतो. या चारही प्रकारांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून उत्तरं देताना आम्ही आधी प्रकार ओळखायला सांगितलं आहे, औषधाचं नाव त्यानंतर.

रोज किती केस गळणं ठीक? मी कंगव्यातले मोजते तर कधी चाळीस भरतात, कधी दीडशे. घाबरायचं केव्हा?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि त्यानंतर जवळपास तीन महिने तो नुसता मुळात अडकून बसलेला असतो. शेवटी तो सुटतो आणि त्याच छिद्रातून नवा उगवतो. कोणत्याही दिवशी दहा टक्क्यांच्या आसपास केस या विश्रांतीच्या टप्प्यात असतात. लाखातले दहा हजार केस शंभरेक दिवसांत सुटायचे म्हणजे रोजचे शंभर झाले. ५० ते १०० हा आकडा असा येतो.

तुमच्या मोजणीत चाळीस आणि दीडशे दोन्ही येतात, त्याचं कारण बहुधा केस धुण्याच्या दिवसांत आहे. चार दिवसांनी डोकं धुतलं की चार दिवसांत सुटलेले आणि इतर केसांत अडकून राहिलेले सगळे एकदम हातात येतात. त्या दिवशीचा गुंता पाहून अनेक जणी धुणंच कमी करतात. मग पुढच्या वेळी गुंता आणखी मोठा दिसतो आणि भीती वाढते.

रोजची मोजणी सोडा आणि दोन गोष्टी बघा. गळलेले दहा-पंधरा केस पांढऱ्या कागदावर (केस पांढरे असतील तर काळ्या कागदावर) ठेवून उजेडात त्यांची टोकं तपासा. एका टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी बारीक पांढरी गाठ दिसली तर तो केस मुळातून, आपलं आयुष्य पूर्ण करून सुटलेला आहे. ही गाठ पाहून 'मूळच निघून आलं' असं वाटतं, पण खरं मूळ त्वचेतच असतं. दोन्हीकडे गाठ नसेल, टोक फाटलेलं किंवा बोथट असेल तर केस तुटला आहे, आणि मग दोष सहसा डोक्याच्या त्वचेत नाही, केसांच्या हाताळणीत आहे.

दुसरी तपासणी ओढून पाहण्याची. ५० ते ६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाशी धरा, आणि हलका पण सलग ताण देत बोटं टोकापर्यंत सरकवत न्या. असं माथ्यावर, दोन्ही बाजूंना आणि मागे करा. प्रत्येक ठिकाणी एक-दोन केस आले तर काळजी नको. सहापेक्षा जास्त येत असतील तर गळती चालू आहे. नुकतंच डोकं धुतलं असेल किंवा केस विंचरले असतील तर सैल केस आधीच गेलेले असतात आणि गळती कमी भासते. एक दिवस थांबून मग पाहा.

वय ३४. मोठा ताप येऊन रुग्णालयात आठ दिवस होते. त्यातून बरी झाले, कामावरही जाऊ लागले, आणि आता अडीच महिन्यांनी केस मुठी-मुठीने येत आहेत. तीन शॅम्पू बदलले, काही उपयोग नाही. टक्कल पडेल का?

नाही. अशा गळतीत टक्कल पडत नाही. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त ते अडीच महिने मागे आहे.

शरीरावर मोठा ताण आला की वाढीच्या टप्प्यातले कितीतरी केस एकाच वेळी वाढ थांबवतात आणि विश्रांतीत जातात. एरवी प्रत्येक केसाचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून गळणं जाणवत नाही. आता एकदम मोठ्या संख्येने केसांचं वेळापत्रक एक झालं. ते लगेच गळत नाहीत, कारण विश्रांतीचा टप्पाच सुमारे तीन महिन्यांचा आहे. म्हणून तापात केस शाबूत असतात, आणि माणूस खडखडीत बरा झाल्यावर उशी, स्नानगृहाची जाळी आणि कंगवा भरू लागतो. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष जातो गेल्या आठवड्यात आणलेल्या शॅम्पूवर, नव्या गावच्या पाण्यावर, नाहीतर तेल बदलल्यावर.

केस एकाएकी गळू लागले की पहिलं काम म्हणजे दिनदर्शिका काढायची आणि गळती सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे दोन ते चार महिन्यांचा काळ तपासायचा. त्या काळात मोठा ताप, कोविड किंवा दुसरा संसर्ग, शस्त्रक्रिया, बाळंतपण, बराच रक्तस्राव, घरातला मृत्यू किंवा तसाच मोठा मानसिक धक्का, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, नवं औषध सुरू होणं, यांपैकी काही सापडतं का ते पाहा. एक गोष्ट लोक हमखास सांगायची विसरतात: झपाट्याने कमी केलेलं वजन. दोन-तीन महिन्यांत आठ-दहा किलो उतरवल्याचा आनंद असतो, त्यामुळे ते कारण म्हणून सुचतच नाही. पण शरीराला उष्मांक आणि प्रथिनं एकदम कमी पडली की केसांची वाढ हा पहिल्यांदा टाळता येणारा खर्च असतो.

तुमच्या बाबतीत गळती आणखी दोन-तीन महिने राहील, मग उतरेल. एकूण सहा महिन्यांत ती थांबणं अपेक्षित आहे. या काळात रोजच्यासारखे केस धुवा, सैल बांधा आणि पोटभर, पुरेशा प्रथिनांचं जेवण घ्या. गळणारा केस धुवा किंवा धुऊ नका, गळणारच, कारण खालून नवा केस त्याला ढकलतो आहे. शॅम्पूने तो वाचत नाही आणि शॅम्पूने तो जातही नाही.

नवे केस ओळखायचे तर कपाळाच्या कडेला आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना आरशात जवळून पाहा. दोन-तीन सेंटिमीटरचे, उभे राहणारे, टोकाला निमुळते होत गेलेले केस दिसतील. तुटलेल्या केसाचं टोक असं निमुळतं नसतं, बोथट असतं. हे आखूड निमुळते केस दिसू लागले म्हणजे भरपाई सुरू झाली. मात्र केस महिन्याला साधारण एकच सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंतचे केस असतील तर वेणीच्या शेंड्याची जाडी परत यायला दोन वर्षंही लागू शकतात. तोवर वेणी बारीक वाटते म्हणून गळती चालूच आहे असं समजू नका.

सहा महिने उलटूनही बट ओढल्यावर सहापेक्षा जास्त केस येत राहिले, किंवा गळती थांबली पण भांग रुंदच राहिला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कधी कधी तापामुळे आलेली गळती आधीपासून हळूहळू चाललेलं विरळपण उघडं करते.

बाळ चार महिन्यांचं आहे. कपाळाजवळचे केस फार गेले. अंगावर पाजते म्हणून असं होतं का? औषध घेऊ का?

पाजण्याशी याचा संबंध नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस नेहमीपेक्षा जास्त काळ वाढत राहतात, म्हणून त्या महिन्यांत केस दाट वाटतात. बाळंतपणानंतर ती थोपवलेली गळती एकदम वसूल होते. दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान ती सुरू होते, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. केस वाढवण्यासाठी डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध लावू नका, पाजत असताना ते टाळायचं असतं. बाळंतपणात रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा विलक्षण थकवा, थंडी सहन न होणं, छातीत धडधड असं काही असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडला सूज येणं अगदीच दुर्मीळ नाही, आणि ती लक्षणं 'झोप होत नाही म्हणून' अशी सहज झाकली जातात.

वय २६. कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकतंय, टाळूवरही विरळ झालंय. उशीवर फारसे केस दिसत नाहीत. वडिलांना टक्कल नाही, मामांना आहे. मिनॉक्सिडिल लावून पाहिलं, पण महिन्याभरात केस आणखी गळले म्हणून बंद केलं.

उशीवर केस दिसत नाहीत आणि तरी डोकं विरळ होतंय, ही या प्रकाराची ओळखच आहे. इथे केस संख्येने गळण्याआधी जाडीने कमी होतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. कपाळाचे कोपरे आणि टाळू इथली मुळं त्याला जन्मजात संवेदनशील असतील तर दर फेरीला वाढीचा टप्पा आखूड होतो आणि केस आधीपेक्षा बारीक उगवतो. शेवटी मऊ लव राहते. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातली मुळं ही संवेदनशीलता बाळगत नाहीत, म्हणून तिथले केस टिकतात आणि केशरोपणासाठीही तेच वापरतात. अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की वयात येण्यापूर्वीच वृषण काढावे लागलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. पुरुषी संप्रेरकाशी असलेलं नातं तिथून पक्कं झालं.

मामाकडून येतं की वडिलांकडून, हा वाद निकाली निघण्यासारखा नाही. एक महत्त्वाचं जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे हे खरं, पण त्याखेरीज अनेक जनुकांचा हात असतो आणि ती दोन्हीकडून येतात.

आता मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा डोक्यावर लावायचं द्रावण तयार झालं. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. लावल्यावर विश्रांतीत अडकलेले केस लवकर सुटतात आणि त्यांच्या जागी नवी फेरी सुरू होते. म्हणूनच पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते. तुम्ही नेमकं औषध काम करू लागल्याच्या खुणेवर थांबलात. खरा अंदाज घ्यायला किमान सहा महिने सलग लावावं लागतं.

पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं द्रावण, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर. केस कोरडे असताना भांग पाडून ते त्वचेवर सोडायचं आणि बोटाने पसरायचं. बहुतेकांची चूक इथेच होते. औषध केसांवर फवारलं जातं आणि त्वचेपर्यंत निम्मंही पोचत नाही. लावल्यावर चार तास डोकं भिजवू नका. रात्रीचं औषध झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर ते उशीवरून चेहऱ्यावर जातं आणि गालावर-कपाळावर लव वाढते. हात साबणाने धुवा. घरात मांजर असेल तर विशेष जपा, कारण मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे आणि चाटण्यातून थोडं गेलं तरी जिवावर बेतू शकतं. द्रावणाने खाज किंवा पापुद्रे येत असतील तर दोष बऱ्याचदा त्यातल्या प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रावकाचा असतो. फोममध्ये ते नसतं, तो वापरून पाहा. छातीत धडधड, चक्कर, पायाला सूज आली तर बंद करून डॉक्टरांना भेटा.

दुसरं औषध फिनास्टेराइड, १ मिलिग्रॅम, रोज एक गोळी. पुरुषांच्या टकलासाठी याला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. हे डीएचटी बनणंच कमी करतं, म्हणून आहे ते केस टिकवण्यात त्याचा हात मिनॉक्सिडिलपेक्षा वरचढ ठरतो. पण ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचं. काही पुरुषांना लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी झाल्याचं जाणवतं, काहींना मन खिन्न होतं, आणि थोड्या जणांनी औषध थांबवल्यावरही तक्रारी राहिल्याचं सांगितलं आहे. नैराश्याचा इतिहास असेल तर तो आधी सांगा. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अंदाज घ्यायला पीएसए ही रक्तचाचणी करतात, तिचा आकडा या गोळीने सुमारे निम्म्यावर येतो. पुढे कधी ती चाचणी केली तर गोळीचा उल्लेख केलाच पाहिजे, नाहीतर धोक्याचा आकडा सामान्य वाटेल. गरोदर स्त्रीने फुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळू नये.

दोन्ही औषधं चालू आहेत तोवरच काम करतात. बंद केली की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. हे माहीत असूनच सुरू करा. केशरोपणाची घाई २६ व्या वर्षी करू नका. मागचे केस पुढे लावले आणि मधले पुढच्या दहा वर्षांत गेले तर लावलेला पट्टा एकटा उभा राहतो, आणि मागचा साठा मर्यादित असल्याने पुन्हा भरायला केस उरत नाहीत.

वय ४५. भांग रुंद होत चाललाय. रक्ताच्या कोणत्या तपासण्या करू? बायोटिनच्या गोळ्या सहा महिने घेते आहे.

कपाळाची रेषा जागच्या जागी आणि भांग मधूनच रुंद, हा स्त्रियांमधल्या विरळपणाचा नेहमीचा नमुना. रजोनिवृत्तीच्या आसपास तो ठळक होतो. सोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस किंवा मुरुमं असतील तर पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) किंवा वाढलेली पुरुषी संप्रेरकं यांचा तपास स्त्रीरोगतज्ज्ञ करतात. आवाज जाड होणं, काही महिन्यांतच हे सगळं वाढणं असं असेल तर थांबू नका.

एरवी तीन तपासण्या पुरतात: रक्ताची पूर्ण गणना, फेरिटिन आणि थायरॉइडसाठीची टीएसएच. जीवनसत्त्व ड, ब-१२ आणि जस्त तुमच्या आहारावरून आणि लक्षणांवरून डॉक्टर ठरवतील. वीस चाचण्यांचा मोठा संच करून घेतला तर त्यात एखादा आकडा कडेला निघतोच आणि मग त्याच्यावर उपचार सुरू होतात.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिकामा असू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका. ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर साठा कमी आहे असं बहुतेक डॉक्टर धरतात. एक सापळा आहे: ताप, संसर्ग किंवा कुठलीही सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं. आजारातून उठल्यावर लगेच केलेली चाचणी 'उत्तम' येते आणि कमतरता लपते. लोहाची गोळी कॅल्शियमच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळीसोबत घेऊ नका, शोषण कमी होतं. दिवसातून तीनदा घेऊन फायदा वाढत नाही, पोटाचा त्रास वाढतो. साठा भरायला तीन महिने किंवा जास्त लागतात. पण लोह कमी का झालं हे शोधायला हवंच. तुमच्या वयात पाळीत जादा रक्त जाणं हे पहिलं कारण तपासायचं.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाबद्दल नीट वाचा. त्याची खरी कमतरता दुर्मीळ आहे, आणि ती नसताना गोळ्यांनी केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या अनेक चाचण्या बिघडवतं. थायरॉइडचे आकडे असे येतात की थायरॉइड जास्त चालतंय असा समज व्हावा, आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ती ट्रोपोनिनची चाचणी खोटी सामान्य येऊ शकते. अमेरिकी अन्न आणि औषध प्रशासनाने यावर २०१७ मध्ये इशारा दिला होता. चाचणीच्या आधी किमान दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवा आणि घेत होता हे प्रयोगशाळेला सांगा. 'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांची लेबलंही वाचा. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम प्रमाणाबाहेर गेले तर त्यांनीच केस गळतात.

तपासण्या ठीक निघाल्या तर तुमच्यासाठी मिनॉक्सिडिल हा पहिला उपाय: ५ टक्क्यांचा फोम दिवसातून एकदा, किंवा २ टक्क्यांचं द्रावण दोनदा. लावण्याची रीत वर दिली आहे तीच.

मुलगा सात वर्षांचा. डोक्यावर रुपयाएवढे दोन गोल चट्टे पडले. कुणी चाई म्हणतं, कुणी दाद. घरी एक मलम आहे ते लावू का?

मलम लावू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि आजार बुरशीचा असेल तर बुरशी फोफावते आणि पुढे ओळखणं कठीण होतं.

चट्टा खिडकीजवळ नेऊन भिंगातून पाहा. त्वचा गुळगुळीत, पापुद्रा नाही, लाली नाही आणि कडेला दोन-तीन मिलिमीटरचे आखूड केस, वर जाड आणि मुळाशी बारीक, उद्गारचिन्हासारखे, असं असेल तर ती चाई. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे दिसले तर त्याच आजाराची खूण. यात मूळ मरत नाही, आणि एक-दोन लहान चट्टे असलेल्या बऱ्याच मुलांचे केस वर्षभरात परत येतात, सुरुवातीला कधी पांढरे. ही चाई कुणापासून लागत नाही, मुलाला शाळेतून घरी ठेवायची गरज नाही. मोठ्यांमध्ये चट्ट्यात दर ४ ते ६ आठवड्यांनी स्टेरॉइडची सूक्ष्म इंजेक्शनं देतात, लहान मुलांना लावायचं औषध. पूर्ण डोक्यावर पसरलेल्या आजारासाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आहेत, पण त्या तज्ज्ञांच्या देखरेखीत आणि वेळोवेळी रक्त तपासूनच.

चट्ट्यावर पापुद्रे, खाज, केस त्वचेलगत तुटून राहिलेले काळे ठिपके, मानेत मागे गाठी, असं असेल तर दाद. मुलांमध्ये हेच जास्त आढळतं. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, तिथे मलम पोचत नाही. पोटातून घ्यायचं औषध, ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिन, मुलाच्या वजनावरून मात्रा ठरवून साधारण ४ ते ८ आठवडे द्यावं लागतं. सोबत बुरशीनाशक शॅम्पू आठवड्यातून दोनदा, म्हणजे इतरांना लागण कमी. कंगवे, टोप्या, उशीचे अभ्रे वेगळे ठेवा. घरातल्या बाकी मुलांची डोकीही पाहा, आणि मांजर-कुत्र्याच्या अंगावर केस गेलेले असतील तर त्यांनाही दाखवा. चट्टा सुजून लिबलिबीत झाला, पू येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, उशीर झाला तर तिथे कायमचा व्रण राहतो.

तिसरी एक शक्यता असते. चट्ट्याची कड वेडीवाकडी, आणि आतले केस निरनिराळ्या लांबीचे. मूल स्वतःच नकळत केस उपटतं. तिथे रागावणं सगळ्यात वाईट. बालमानसतज्ज्ञांची मदत घ्या.

मुलीच्या कानशिलावरचे केस विरळ झालेत. ती रोज ताणून पोनीटेल बांधते, दोनदा केमिकलने केस सरळही केलेत.

कानशील आणि कपाळाची कड इथलेच केस जाणं आणि अगदी पुढे बारीक केसांची झालर शिल्लक राहणं, ही सततच्या ओढीची खूण आहे. बांधल्यावर डोकं ठणकत असेल, केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येत असतील तर ताण नक्की जास्त आहे. आज सैल बांधायला सुरुवात केली तर केस येतील. काही वर्षं तसंच चाललं तर मुळं कायमची जातात. बांधण्याची जागा बदलत राहा, ओले केस बांधू नका, रबराऐवजी कापडी बँड वापरा.

सरळ करण्याच्या रसायनाने केस सहसा मुळापासून जात नाहीत, ते मधूनच तुटतात. ओल्या केसावर तापलेलं यंत्र फिरवलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच मोडतो. तुटलेला भाग दुरुस्त होत नाही, कापावाच लागतो.

तेल, टोपी, खारं पाणी, रोज शॅम्पू, टक्कल करून घेणं: यातलं खरं काय?

तेल केसाला वरून वंगण देतं, गुंता आणि तुटणं कमी करतं, मुळातून केस उगवत नाही. तेलकट पिवळसर कोंडा असेल तर तेल बंद करा, कोंड्यामागच्या यीस्टला ते पोसतं. २ टक्के किटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं डोक्यावर ठेवून, चार आठवडे वापरा. टोपीने केस गळत नाहीत. खाऱ्या पाण्याने राठ होतात, गळत नाहीत. रोज शॅम्पूही चालतो. टक्कल केल्याने केस दाट होत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं वाटतं.

टाळूवर एक चट्टा आहे, तिथे जळजळ होते, त्वचा चकचकीत दिसते. वर्षभर तेल लावून पाहिलं.

या पत्रातल्या जळजळीची आम्हाला काळजी वाटते. त्वचा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी झाली असतील तर तिथली मुळं व्रण होऊन बुजत आहेत. लायकेन प्लॅनोपायलॅरिस आणि चकतीसारखा ल्यूपस हे केसांच्या मुळांना सूज आणणारे आजार ही त्याची दोन कारणं. इथे गेलेला केस परत येत नाही, उपचार करायचे ते उरलेले वाचवण्यासाठी. म्हणून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. ते बहुधा चट्ट्याच्या कडेचा, जिथे केस अजून आहेत पण लाली आहे तिथला, ४ मिलिमीटरचा तुकडा तपासणीला घेतील. चट्ट्याच्या मधोमध घेतलेल्या तुकड्यात नुसता व्रण सापडतो, आजार नाही. जागा बधिर करून दहा-पंधरा मिनिटांत हे काम होतं, एक-दोन टाके पडतात.

रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून केस गळतात. बंद करू का?

स्वतःहून नाही. रक्तदाबावरच्या गोळ्यांपैकी काही बीटा-ब्लॉकर, रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि हेपॅरिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मनोविकारावरचं लिथियम, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन यांनी गळती होऊ शकते. पण इथेही तारीख पाहा. औषधामुळे असेल तर ती सहसा दोन ते चार महिन्यांनी दिसते. गोळी सुरू होऊन दहाच दिवस झाले असतील तर कारण त्याआधीचं आहे. केमोथेरपी याला अपवाद: ती वाढत्या केसालाच थेट इजा करते, म्हणून दोन-तीन आठवड्यांतच केस जातात, आणि उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत पुन्हा उगवू लागतात. गोळी सुरू झाल्याची आणि गळती सुरू झाल्याची, अशा दोन्ही तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा, बहुतेक गोळ्यांना पर्याय असतो.

औषध सुरू केलं. उपयोग होतोय हे कसं कळणार? आरशात रोज वेगळं दिसतं.

आरशावर जाऊ नका, फोटो काढा. पहिला औषध सुरू करायच्या दिवशी. केस धुतलेले आणि पूर्ण कोरडे, मधोमध भांग, दिवसा एकाच खिडकीसमोर, फ्लॅश बंद. समोरून, वरून टाळूचा आणि दोन्ही कानशिलांचा, असे चार. वरचा फोटो दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या आणि अंतर दर वेळी तेच ठेवा, डोक्यावरून साधारण हातभर. ओल्या केसांत टाळू जास्त उघडी दिसते, म्हणून ओला-कोरडा फरक पडू देऊ नका. पुढचे फोटो दर तीन महिन्यांनी, त्याआधी नाही. सहाव्या महिन्यात पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून पाहा. भांग तेवढाच असेल तरी वाढणारं विरळपण थांबलं आहे, आणि औषध पुढे चालू ठेवायला तेवढं पुरतं.